व्हॅनमधला वरवंटा

मी दिवसभर दुसऱ्यांच्या बेडरूम आखतो. खारघरला एका बिल्डरच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम आहे माझं. कपाट कुठे बसेल, दार कुठल्या बाजूला उघडेल, पलंग ठेवल्यावर माणसाला वळायला जागा उरेल की नाही, हे कागदावर जमवून द्यायचं. बहुतेक वेळा उरत नाही, तरी आम्ही ती उरवून दाखवतो. उलव्याला लोक ज्या खोल्यांत झोपतात त्यांतल्या कितीतरी माझ्या हातून गेल्या आहेत. पण स्वतः लाकूड कापून, भुसा नाकातोंडात घेऊन मी आजवर एकच वस्तू बनवली. बाळाची पलंगडी. तीही घरासाठी नाही, व्हॅनसाठी.

व्हॅन बायकोची. ती शाळेत भूगोल शिकवते. वर्षानुवर्षं फळ्यावर नद्या काढायच्या आणि स्वतः पुणे-पनवेल याच्यापलीकडे जायचं नाही, याचा तिला भयंकर राग होता. शाळेने जुन्या व्हॅन काढून टाकल्या तेव्हा त्यातली एक तिने उचलली. पिवळीजर्द, दारावरचं शाळेचं नाव अर्धवट खरवडलेलं. आम्ही आतली बाकं काढली, मागे घडीचा बिछाना केला, शेगडीला कप्पा केला, खिडक्यांना पडदे लावले. शनिवारी दुपारी निघायचं, समुद्र दिसला की थांबायचं, रविवारी संध्याकाळी परत. गाडी तीच चालवायची. मी शेजारी बसून रस्ता सांगायचो आणि चुकला की बोलणी खायचो. आमचं लग्न खरं कुठे झालं असेल तर ते त्या व्हॅनमध्ये, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आताही म्हणतो.

आई तिला डबा म्हणायची. "डबा घेऊन चालली पोरां," असं बिल्डिंगमध्ये सांगत फिरायची, पण आम्ही निघालो की मागच्या शेगडीजवळ तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी ठेवलेली असायची.

आई खाडीकाठची, मिठागरावरची. आमचं गाव विमानतळात गेलं. घर सोडायचं ठरलं तेव्हा तिने काय काय बरोबर घेतलं त्याच्यावर एक वेगळं पुस्तक होईल. पाटा मात्र दोघांना उचलेना, तो तिथेच राहिला आणि वरवंटा तेवढा नवीन पनवेलच्या या फ्लॅटमध्ये आला. पाट्याशिवाय वरवंट्याचं करायचं काय? मी तर तो टाकून द्यायला निघालो होतो. पण बिल्डिंगमध्ये पहिलं बारसं निघालं आणि त्याचं भाग्य उजळलं. बारशाला बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला कुंची-झबलं घालून पाळण्याखालून इकडून तिकडे देतात, बायका तो बाळासारखा ओटीत घेतात, मग खरं बाळ पाळण्यात जातं. मिक्सर सगळ्यांकडे, वरवंटा कुणाकडेच नाही. त्यामुळे बारसं कुठल्याही मजल्यावर असो, वरवंटा आमचा. परत येताना त्याला हळदकुंकू लागलेलं असायचं आणि बरोबर वाटीभर घुगऱ्या. आई त्या घुगऱ्या अशा रुबाबात खायची की जणू बाळ तिनेच पाठवलं होतं.

आमच्याकडे बातमी आली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि आनंदाच्या पाठोपाठ सगळ्यांनी एकच सल्ला दिला. आता ती व्हॅन विका. तिच्या माहेरून आला, माझ्या मामाकडून आला, सोसायटीच्या सेक्रेटरीने तर गिऱ्हाईकसुद्धा आणलं. लेकरू झाल्यावर कसलं फिरणं! बायको कुणाला काही बोलली नाही. एका रविवारी ती बराच वेळ घरात दिसेना म्हणून मी खाली गेलो, तर पार्किंगमध्ये व्हॅनच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेली. गाडी बंद होती.

"मला बाळ हवंय," ती म्हणाली. "पण हेही हवंय. दोन्ही मागितलं तर जास्त होतं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "बाळाला यात जागा करू या. तिघं जाऊ."

"कशी करशील जागा?"

"लोकांना जिथे जागा नसते तिथे करून देतो, मग आपल्याला नाही का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास बसला नव्हता, ते दिसत होतं. त्या पाहण्यामुळेच मी कामाला लागलो.

पहिला नकाशा ऑफिसात काढला. भलताच सुंदर होता. बायको म्हणाली, हे कोंबड्यांचं खुराडं आहे. दुसरा घरी, पाठकोऱ्या कागदावर. डाव्या बाजूला मागच्या चाकाचा फुगवटा आत येतो, त्याच्यावर शेगडीचा कप्पा होता. शेगडी उचलून दाराजवळ नेली आणि फुगवट्यावर पलंगडी बसवायची ठरवली. डोकं ड्रायव्हरकडे, पाय मागे. तिन्ही बाजूंनी पाइनच्या फळ्या, चौथ्या बाजूला खाली पडणारं दार आणि त्याला जाळी, म्हणजे बाळाला वारा लागेल आणि आम्हाला बाळ दिसेल. खाली लंगोटांचा कप्पा. आत रुंद, मऊ पट्टे, गाडी चालू असताना बांधायला.

बायकोने एकच अट घातली. पलंगडी वाजता कामा नये. आमच्या व्हॅनमध्ये सगळं वाजायचं. ताटल्या वाजायच्या, काचा वाजायच्या, शेगडी वाजायची, पाण्याचा कॅन डुबुकडुबुक करायचा. स्पीडब्रेकरवरून गेलो की भांड्यांची मांडणी अंगावर आल्यासारखं वाटायचं. "बाळ एकदा झोपलं की मला मागून एक आवाज नको," ती म्हणाली. "वाजली तर तुला तिथे झोपवीन आणि बाळाला पुढे घेईन."

मी सुतार नाही. पहिली फळी कापली ती एका टोकाला नेम धरल्यासारखी तिरकी गेली. सगळी बिल्डिंग येता जाता बघायची आणि सल्ले द्यायची. सेक्रेटरी रोज भुशावरून भांडायचा. मीही भांडायचो, मला भांडायला आवडतं. पण हळूहळू हात बसला. सगळ्या कडा पॉलिश पेपरने इतक्या घासल्या की गालाला लावून बघितल्या तरी टोचेनात. हो, गालाला लावून बघायचो. जोड सगळे आधी गोंदाने चिकटवले, मग स्क्रू मारले. लाकूड लाकडाला घासून कुरकुरू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचे पट्टे घातले. आणि सगळी पलंगडी खालच्या पत्र्याला आरपार बोल्टने आवळली, खालून वरून रबरी वायसर. व्हॅन उलटी केली असती तरी ती हलली नसती.

आई हे सगळं खुर्ची टाकून बघायची. बाळंत होण्याआधी बाळाचं काही घरात आणू नये, हे तिचं पक्कं. मी म्हणालो, "घरात कुठे आणतोय? पार्किंगमध्ये तर आहे." ती रागावून हसली. पण मग तिनेच वाट काढली, की जुनं चालतं, नवं नको. आणि तिच्या नेसून मऊ झालेल्या दोन लुगड्यांची गोधडी शिवली. एक हिरवं, एक जांभळं. टाके इतके बारीक की मी म्हणालो, एवढ्या मेहनतीत मी दुसरी व्हॅन केली असती.

पलंगडी झाली. आता वाजते का, ते बघायचं होतं. बायको पुढे बसली, सातवा महिना लागला होता म्हणून चालवायला मी. चावी फिरवणार तोच आई व्हॅनसमोर येऊन उभी राहिली.

"कुठं चाललास?"

"चक्कर मारून येतो. पलंगडी वाजते का बघतो."

"आत कोण हाय?"

"आत कोण असणार? रिकामी आहे."

"मंग नाय जावाचं. रिकामा पालना हालवाचा नाय."

ती बोलली आणि मला आठवलं. रिकामा पाळणा हलवू नये, हे लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं आणि पाठीत धपाटाही खाल्लेला असतो. पण मी नकाशे काढणारा माणूस. मी खाली उतरून तिला समजावलं, की आई, हा पाळणा नाही. याला दोर नाही, कडी नाही. हा बोल्टने आवळलेला आहे, हा हलतच नाही, तेच तर याचं कौतुक आहे.

"गाडी हालते का नाय?"

"हालते."

"आन् तो गाडीत हाय का नाय?"

"आहे."

"मंग?"

बायको पुढच्या सीटवर पोट धरून हसत होती. आई वर गेली आणि लिफ्टमधून वरवंटा घेऊन आली. जुन्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला, टोकाकडे फडक्याची कुंचीसारखी टोपी केलेली. तिने तो गोधडीवर ठेवला, मला पट्टे आवळायला लावले आणि स्वतः मागे त्याच्याजवळ बसली. "आता चल," म्हणाली.

आम्ही शिरढोणपर्यंत गेलो. पळस्प्यापुढे रस्ता तेव्हा उकरलेला होता, मी मुद्दाम खड्ड्यांतून घातली. ताटल्या वाजल्या, कॅन डुबुकला, काचा थडथडल्या. पलंगडीकडून काही नाही. शिरढोणला चहा प्यायला थांबलो तेव्हा बायकोने मागे वळून जाळीतून पाहिलं. "गाढ झोपलंय," ती म्हणाली. आई म्हणाली, "आजीवर गेलाय." त्या दिवशी मी जितका खूष होतो तितका नंतर कधी झालो नाही. परत आल्यावर मी वरवंटा काढायला गेलो तर आई म्हणाली, "असू दे तितंच. पोर येईपर्यंत रिकामा नको."

तो तिथेच राहिला.

मुलगी झाली. फार लवकर झाली. आठवा लागायच्या आधीच बायकोला दवाखान्यात न्यावं लागलं आणि त्याच दिवशी मुलगी बाहेर आली, एवढीशी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर चांगले होते, खोटं काही बोलले नाहीत. पेटीच्या भोकातून हात घालायला द्यायचे. बायकोने बोट पुढे केलं की ती ते धरायची. मी धरायला दिलं तर धरायची नाही, म्हणून मला वाईट वाटायचं, आणि एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटायला सवड होती याचं आता नवल वाटतं.

पाचवीला आईने घरी पूजा मांडली, बाळ घरात नसताना. म्हणाली, सटवाईला घर सापडत नाही असं होत नाही, ती दवाखान्यात पण जाईल. पाचवी झाली. बारसं झालं नाही. तोवर ती राहिली नाही.

दवाखान्यात मला कुणीतरी विचारलं, बाळाला गुंडाळायला काही आणलंय का. आणलेलं काहीच नव्हतं. आधी काही आणायचं नसतं ना. मी घरी आलो, व्हॅन उघडली, वरवंट्याचे पट्टे सोडले, त्याला उचलून बाजूला केलं, खालची गोधडी काढली आणि वरवंटा पुन्हा नुसत्या गादीवर ठेवून पट्टे परत आवळले. का आवळले, ते मला सांगता येणार नाही. हाताला सवय होती. मी आणि मामा गेलो. त्या दिवसाचं मी एवढंच लिहिणार आहे.

बायको घरी आली आणि तिने पार्किंगकडे बघणं सोडलं. आमच्या बिल्डिंगला मागचं एक गेट आहे, कचऱ्याच्या डब्यांजवळचं. ती त्या गेटने जायला लागली, रिक्षाने शाळेत, रिक्षाने परत. नद्या, डोंगर, पर्जन्यमान शिकवून यायची, जेवायची, भांडी आवरायची. माझ्याशी नीट बोलायची. मला त्या नीट बोलण्याची भीती वाटायची. पूर्वी ती माझ्यावर ओरडायची, रस्ता चुकलास, डावीकडे म्हणालास आणि हात उजवीकडे केलास! आता मी चुकलो तरी ती "असू दे" म्हणायची.

नातेवाईक यायचे. एक बाई, आईच्या नात्यातल्या, चहा पिता पिता म्हणाल्या, आधीपासून पाळणा करून ठेवू नये गं. मी उठून त्यांना दार दाखवलं, अक्षरशः दार उघडून उभा राहिलो. मला वाटलं आई माझ्यावर चिडेल, कारण या सगळ्यावर विश्वास तिचाच. आई त्यांना म्हणाली, "पालना चांगला झालता. पोरीचं आयुष्य नव्हतं. तुमी जावा आता." त्यानंतर आई आणि मी स्वयंपाकघरात उभे राहून रडलो. बायको आतल्या खोलीत होती. तिला ऐकू गेलं असणार.

वरवंटा व्हॅनमध्ये आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ओट्याखालची त्याची जागा रिकामी होती. आई केर काढताना तिथे झाडू घालायची, पण कुणी त्याचं नाव काढलं नाही. मध्ये वरच्या मजल्यावर एक बारसं झालं. आवाज ऐकू आले, घुगऱ्यांचा वास आला, वरवंटा मागायला मात्र कुणी आलं नाही. त्यांनी कुठून आणला, की खलबत्त्याच्या दगडावर भागवलं, देव जाणे. आमच्या घरातला कसा मागायचा, असं वाटलं असेल त्यांना. मी समजू शकतो. आईने त्या दिवशी जेवण केलं नाही.

मग एका रात्री जेवताना बायको म्हणाली, "व्हॅन विकून टाक."

"बरं," मी म्हणालो.

तिने पुन्हा पानाकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, लगेच हो काय म्हणतोस? ती काही म्हणाली नाही. तेव्हा मला कळलं, की व्हॅन गेली तर ती नुसती गाडी जाणार नाही. आमच्या दोघांत जे काही भांडणतंटा, हसणं, रस्ता चुकणं होतं, ते सगळं त्या पिवळ्या पत्र्यात होतं. ते विकून आम्ही दोन नीट बोलणारी माणसं उरणार होतो. पण तिने मागितलेलं मी नाही कसं म्हणणार?

गिऱ्हाईक मिळालं. नेरळकडचा एक माणूस, त्याला आंब्याच्या पेट्या वाहायला हवी होती. त्याने आत डोकावून पाहिलं. "हे काय आहे?" त्याने विचारलं. मी म्हणालो, कप्पा आहे. त्याने आत पट्ट्यांत बांधलेलं फडकं पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. "तेवढं काढून द्या," म्हणाला. "रविवारी न्यायला येतो."

शनिवारी मी पाने घेऊन खाली गेलो. खालचा पहिला बोल्ट सुटेना. दुसराही नाही. रबरी वायसर पत्र्याला असे बसले होते की पाना घसरून माझ्याच बोटांवर यायचा. मी त्या पलंगडीला शिव्या दिल्या. पाठीखाली गोणपाट टाकून, व्हॅनखाली आडवा पडून, घाणेरड्या शिव्या दिल्या. आयुष्यात एक गोष्ट मी नीट केली होती आणि ती आता मला मोडता येत नव्हती. वरचे स्क्रू काढायचे तर आधी वरवंटा काढायला हवा होता, म्हणून मी खालूनच झटत होतो. हात वर जातच नव्हता.

दुपारी वर आलो तर दारात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे नव्यानेच आई झालेली, सासू तिच्यामागे दोन पायऱ्या खाली थांबलेली, ओशाळलेली. उद्या सकाळी त्यांच्याकडे बारसं होतं. तिच्या सासूने बाजारातून लाकडाचा खेळण्यातला वरवंटा आणला होता, गुळगुळीत पॉलिश केलेला. "मला तो नकोय," ती मुलगी आईला म्हणाली. "माझ्या दिराच्या मुलीचं बारसं तुमच्या वरवंट्यावर झालं. मला तुमचाच हवाय. तुमची हरकत नसेल तर. काकी, राग मानू नका."

आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. आई म्हणाली, "देतो गं, देतो की. जरा थांब." आणि ती जागेवरून हलेना.

आतून बायको आली. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. तिने माझ्या ग्रीस लागलेल्या हातांकडे पाहिलं.

"चावी दे," ती म्हणाली. "मी आणते."

मी तिच्यामागे गेलो. ती पुढच्या गेटच्या बाजूने, सरळ पार्किंगमध्ये गेली. बऱ्याच महिन्यांनी तिने व्हॅनचं दार सरकवलं, आणि ते पूर्वीसारखंच अर्ध्यात अडकलं आणि तिने पूर्वीसारखीच त्याला लाथ घातली. आत कोंदट वास होता, गोंदाचा आणि बंद कपड्यांचा. ती पलंगडीजवळ गुडघ्यांवर बसली. जाळीचं दार खाली पाडलं. वरवंटा पांढऱ्या फडक्यात, टोपीसकट, होता तसा होता.

"गोधडी?" तिने विचारलं.

"तिच्याबरोबर दिली."

तिने वरवंट्याखालच्या नुसत्या गादीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं केलंस. मला वाटत होतं ती नुसत्या दवाखान्याच्या कापडात गेली. विचारायचं धाडस होत नव्हतं."

इतके दिवस तिला हे वाटत होतं आणि मी सांगितलं नव्हतं, कारण तिने विचारलं नव्हतं. आम्ही दोघं नीट बोलत होतो ना.

तिने पट्टे सोडले आणि वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. डोक्याकडच्या बाजूला हात आपोआप खाली गेला, मान सांभाळतात तसा. तिने तो उराशी धरला आणि मग तिचा चेहरा बदलला.

"हा जड आहे," ती म्हणाली. "आपली एवढीपण नव्हती रे."

आणि ती रडली. दवाखान्यातही अशी रडली नव्हती. मी तिच्याशेजारी व्हॅनच्या पत्र्यावर बसलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हाताचं ग्रीस तिच्या ड्रेसला लागलं, तो डाग अजून गेलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी थांबली असेल, असं मध्येच मनात आलं. थांबू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बारशाला आम्हाला बोलावणं होतंच. मला वाटलं आई एकटी जाईल. बायको साडी नेसून तयार झाली. मी पुरुषांच्यात, दाराजवळ उभा होतो. तिथून पाळणा दिसत होता, झेंडू लावलेला, आणि त्याच्या दोन बाजूंना बसलेल्या बायका. वरवंट्याला नवीन लाल कुंची घातली होती. पाळण्याखालून तो द्यायची वेळ आली तेव्हा त्या घरची आत्या पुढे सरसावली, पण बाळाची आई माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, तुम्ही घ्या." दोनचार म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आमची आई त्यांच्याकडे अशी बघायला लागली की त्यांनी माना खाली घातल्या.

बायकोने पदर पुढे केला. वरवंटा पाळण्याखालून तिच्या ओटीत आला. तो लगेच परत द्यायचा असतो. तिने दिला नाही. ती त्याच्यावर वाकली, त्याची कुंची सारखी केली, आणि तसाच घेऊन बसली. गाणारणी थांबल्या. मग तिने तो पाळण्यावरून त्या मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. आता तुझं बाळ घाल पाळण्यात."

बाळ पाळण्यात गेलं. कानात त्याचं नाव सांगितलं. आमच्या मुलीला नाव नव्हतं. दवाखान्याच्या पेटीवर बायकोचं नाव लिहून पुढे 'यांचं बाळ' असं लिहिलेलं होतं. बायकोच्या मनात एक नाव होतं, ते तिने मला त्या दिवशी जिना उतरताना सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही.

वरवंटा परत मिळाला, हळदकुंकू लागलेला, लाल कुंचीसकट, आणि घुगऱ्यांची वाटी. आई वाटी घेऊन वर गेली. बायको वर गेली नाही. ती वरवंटा घेऊन व्हॅनकडे गेली, त्याला पलंगडीत ठेवलं, कुंचीची गाठ मानेखाली येईल असा, आणि एकेक पट्टा आवळला. मी आवळायचो त्यापेक्षा सैल.

"तो माणूस येईल दुपारी," मी म्हणालो.

"त्याला नको म्हणून सांग."

"आणि हे?" मी पलंगडीकडे बोट केलं.

"हे राहू दे." ती आत चढली आणि पलंगडीजवळ, आई बसली होती त्या जागी, मांडी घालून बसली. "मला आज चालवायची नाहीये. तू चालव. शिरढोणपर्यंत जाऊन येऊ."

"आता?"

"रिकामी नाहीये," ती म्हणाली. "चल."

मी निघालो. बसस्टँडजवळ डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळलो. "अरे, कुठे चाललास?" ती मागून ओरडली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पळस्प्यापुढचा रस्ता आता चांगला झाला आहे, तरी खड्डे आहेत, स्पीडब्रेकर आहेत. मी हळूहळू घेत होतो. ताटल्या वाजल्या, कॅन डुबुकला, काचा थडथडल्या. आरशात मला तिचा हात दिसत होता, जाळीच्या काठावर ठेवलेला. जाताना आणि येताना, सबंध रस्ताभर, मी कान देऊन ऐकत होतो. पलंगडीकडून एकही आवाज आला नाही.